नववा लागला म्हणून निश्चिंत होऊ नये

वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्यामुळे ओळखले जाते. आणि जेथे मूळच्या शेतकरी वस्तीशेजारी पोटासाठी परमुलखातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेथे बाळंतपणाच्या चालीरीतीही घरोघर निराळ्या असाव्यात यात नवल नाही. तथापि एका बाबतीत या सर्व घरांचे एकमत दिसते. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असा जो जुन्या बायकांचा दंडक आहे तो मनात धरून आठवा महिना सर्वजण जीव मुठीत घेऊन काढतात, आणि एकदा नववा लागला की मूल पुरे झाले, आता ते केव्हाही आले तरी चिंता नाही, अशा समजुतीने निर्धास्त होतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत: आठव्या महिन्याचे मूल सातव्याच्या मुलापेक्षा अधिक सहज जगते, आणि नवव्याच्या आरंभी आलेले मूल, दिसावयास कितीही पुरे दिसले तरी, श्वसनाच्या बाबतीत पुरे असेलच असे नाही. पहिल्या समजुतीने केवळ भीती उत्पन्न होते; दुसरीने क्वचित प्राण जातात, म्हणून तिच्याविषयी काहीसे विस्ताराने लिहिणे अवश्य वाटते.

वैद्यकशास्त्र गर्भाचे वय आठवड्यांनी मोजते आणि ती मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरते. पूर्ण मुदत २८० दिवसांची, म्हणजे ४० आठवड्यांची. ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजले जाते, आणि त्यातही ३४ आठवडे पुरे झाल्यापासून ३६ आठवडे ६ दिवसांपर्यंत जन्मलेल्या मुलांचा वर्ग निराळा मानतात. घरच्या हिशेबात हा काळ आठवा महिना सरत आल्यापासून नवव्याच्या मध्यापर्यंतचा होतो, आणि प्रस्तुत लेख याच मुलांविषयी आहे. पाळीची तारीख पुष्कळ स्त्रियांना आठवत नाही, पण पोळ्याच्या आधी किती दिवस किंवा दिवाळीच्या नंतर किती दिवस हे बहुधा सांगता येते. तेवढे आशाताईंना सांगितले तरी त्या तारीख काढून नोंद करू शकतात. तिथींवरून महिने मोजणाऱ्या घरांनी अधिक महिन्याच्या वर्षी विशेष जपावे, कारण तो महिना हिशेबातून सुटला किंवा दोनदा धरला गेला म्हणजे सारी गणती चार आठवड्यांनी चुकते. सर्वांत भरवशाचा दाखला म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी. तिचा कागद शेवटपर्यंत जपून ठेवावा, कारण शेवटच्या महिन्यातील सोनोग्राफीवरून वयाचा अंदाज तितका अचूक बांधता येत नाही.

गर्भाशयात मुलाला प्राणवायू नाळेवाटे मिळतो, आणि त्याची स्वतःची फुफ्फुसे त्या काळात द्रवाने भरलेली असतात. जन्मसमयी दोन गोष्टी घडाव्या लागतात. एक तर तो द्रव शोषला जावा लागतो, आणि हे कार्य मुख्यत्वे प्रसूतीच्या कळा चालू असता मुलाच्या अंगात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे होते. दुसरे, फुफ्फुसातील अतिसूक्ष्म वायुकोश पहिल्या श्वासाबरोबर उघडावे आणि उच्छ्वासानंतरही उघडेच राहावे लागतात. ओल्या कापडी पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटून बसाव्यात तसे ते चिकटू नयेत म्हणून फुफ्फुसातील विशिष्ट पेशी सर्फॅक्टंट नावाचे एक स्निग्ध द्रव्य निर्माण करीत असतात. या द्रव्याची निर्मिती २४ व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि ३५ व्या आठवड्याच्या आसपास ती पुरेशी होते. परंतु हे वेळापत्रक काही सर्वच मुले सारख्या काटेकोरपणे पाळत नाहीत. म्हणून ३५ आठवड्यांची दोन मुले, वजनाने आणि चेहऱ्यामोहऱ्याने सारखी, एकाच दिवशी जन्मली तरी त्यांपैकी एक निवांत झोपते आणि दुसरे धापा टाकू लागते, असे घडते. द्रव मागे राहिल्याने होणारी धाप बहुधा जन्मानंतर काही तासांतच दिसते आणि एक ते तीन दिवसांत ओसरते. स्निग्ध द्रव्य अपुरे असल्याने होणारी धाप मात्र इलाज न झाल्यास वाढत जाते. जंतुसंसर्गाने होणारी तिसरी धाप वरवर या दोहोंसारखीच दिसते, आणि तिन्हींत निवड करण्याचे काम रुग्णालयाचे आहे, घरातील वडीलधाऱ्यांचे नव्हे.

येथे एका प्रचलित प्रकाराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. कळा न येताच शस्त्रक्रियेने काढलेल्या मुलाच्या फुफ्फुसात द्रव राहण्याचा संभव अधिक असतो, आणि मुदत जितकी अपुरी तितका तो वाढतो. यास्तव आईच्या किंवा मुलाच्या प्रकृतीची निकड नसेल तर ३९ आठवड्यांच्या आत सिझेरियन करू नये, असा शास्त्राचा संकेत आहे. असे असता पंचांग पाहून, चांगला मुहूर्त साधून, आठ-पंधरा दिवस आधीच मूल बाहेर काढण्याचा आग्रह सुशिक्षित घरांतूनही धरला जातो. पत्रिका उत्तम व्हावी म्हणून मुलाला जन्मतःच धाप लावावी, हा व्यवहार मला तरी समजलेला नाही.

प्रसूतीपूर्वीची तजवीज सातव्या महिन्यातच करावी. ज्या स्त्रीला पूर्वी अपुऱ्या दिवसांचे मूल झाले आहे, जिला जुळे आहे, जिचा रक्तदाब किंवा रक्तातील साखर वाढलेली आहे, अथवा जिचे पाणी लवकर गेले आहे, तिने प्रसूतीसाठी असे रुग्णालय निवडावे की जेथे नवजात शिशूंचा स्वतंत्र विभाग चोवीस तास चालतो. कारण आईच्या पोटातून नेलेले मूल जितके सुखरूप पोहोचते तितके कोणत्याही गाडीतून पोहोचत नाही. एके काळी या जिल्ह्यालाच वणीचे नाव होते आणि १९०५ साली ते जाऊन यवतमाळचे आले, हे खरे. परंतु रुग्ण नेण्याच्या दृष्टीने पाहता राजूरकरांस यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापेक्षा वर्धा नदीपलीकडील चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते, आणि पावसाळ्यात वर्धेला पूर आला की हाच हिशेब उलटू शकतो. म्हणून दोन्ही वाटांची चौकशी आगाऊ करून ठेवावी, आणि त्या ठिकाणी श्वास लागलेल्या नवजात मुलासाठी सीपॅपचे, म्हणजे नाकावाटे हवेचा मंद दाब देणारे, यंत्र चालू आहे काय, एवढा एकच प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना स्पष्ट विचारावा.

३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्यास आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने, दर बारा तासांनी सहा मिलिग्रॅमप्रमाणे चार वेळा, देतात. त्यांनी मुलाची फुफ्फुसे लवकर परिपक्व होतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स नामक वैद्याने मेंढीच्या गर्भांवर प्रयोग करीत असता, ज्या कोकरांनी जगू नये ती श्वास घेत असलेली पाहिली, आणि त्यातून पुढे हाउई यांच्या साहाय्याने १९७२ साली हा उपचार मनुष्यांसाठी सिद्ध झाला. भारत सरकारने २०१४ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या असून पहिली मात्रा परिचारिकेनेही द्यावी अशी मुभा त्यात आहे. ३४ आठवड्यांनंतर मात्र प्रश्न तितका सरळ राहत नाही: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ही इंजेक्शने घेतलेल्या आयांच्या मुलांच्या श्वासाच्या तक्रारी कमी झाल्या, पण त्यांच्या रक्तातील साखर उतरण्याचे प्रमाण वाढले. सबब या काळात इंजेक्शनचा हट्ट धरू नये आणि डॉक्टरांनी ते सुचविल्यास संशयही घेऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. किंचित अगोदर आलेले मूल जन्मतः रडले, गुलाबी दिसले, छातीशी लागले, तरी पहिले दोन-तीन दिवस त्याच्या श्वासावर कोणी तरी जाणत्याने नजर ठेवलीच पाहिजे, आणि निदान ४८ तास तरी दवाखाना सोडू नये. श्वास मोजण्याची रीत अशी: मूल शांत असताना, शक्यतो निजलेले असताना, अंगावरील कापड वर करून छाती आणि पोट उघडे करावे, आणि घड्याळ समोर ठेवून पुरे एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याचा आळस येथे उपयोगाचा नाही, कारण इतक्या लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नसतो. तो काही सेकंद थबकतो आणि मग भराभर चालतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्यांदाही तितकेच आले तर मूल दाखविलेच पाहिजे.

ज्यांना साठपर्यंत मोजता मोजता चुकण्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी याच विदर्भात एक युक्ती निघालेली आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था चालविणारे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी मुलांच्या न्यूमोनियावर काम आरंभिले तेव्हा निरक्षर सुइणींनाही श्वास मोजता यावा म्हणून वाळूची घडी आणि मणी यांचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. पुढे त्याच संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये गावातील स्त्रियांनाच नवजात मुलांची घरोघर काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज राजूरमध्ये आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दारी येतात, त्या योजनेची मुळे तेथे आहेत. तेव्हा त्यांना ओटीवरूनच चहा पाजून वाटेस लावण्यापेक्षा आत नेऊन मूल उघडे करून दाखवावे. घरी मोजावयाचे झाल्यास तुरीचे सहा दाणे घ्यावेत आणि दर दहा श्वासांमागे एक दाणा बाजूला सारावा. मिनिट सरण्याच्या आत सहावा दाणा हलला की समजावे.

श्वासाच्या गतीखेरीज आणखी काही चिन्हे आहेत, आणि ती गतीहून अधिक बोलकी असतात. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या खाली, आत ओढला जाणे, ज्याला आपल्याकडे पोट उडणे म्हणतात, नाकपुड्या फुलणे, आणि उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येणे. या कण्हण्याला पुष्कळ घरांत पोटदुखी समजून मुलाच्या पोटावर हिंग चोळला जातो, वस्तुतः मूल त्या वेळी कंठ अर्धवट मिटून फुफ्फुसातील हवा आतच कोंडून धरण्याचा प्रयत्न करीत असते, म्हणजे मिटू पाहणारे वायुकोश स्वतःच्या बळावर उघडे ठेवीत असते. हे श्रम ते फार वेळ करू शकत नाही. ओठ, जीभ किंवा हिरड्या निळसर दिसणे हे तर निकराचे लक्षण होय; पहिल्या दिवशी केवळ हातपाय निळसर असले तर ते तितके भयावह नसते, पण सावळ्या मुलाच्या बाबतीत त्वचेवर विसंबू नये, जीभ पाहावी. श्वास वीस सेकंद थांबला, अथवा त्याहून कमी काळ थांबून रंग पालटला, तर तळपायावर हलक्या टिचक्या माराव्यात, पाठ चोळावी आणि तत्क्षणी मदत बोलवावी. मुलाला उलटे धरणे, तोंडावर पाणी मारणे, कांदा फोडून नाकाशी धरणे, यांपैकी काहीही करू नये. आणि डबा झाला असे ठरवून पोटावर बिब्ब्याचे किंवा तापल्या विळ्याचे चटके देणे हा तर मुलावरचा निव्वळ अत्याचार आहे.

नेण्याचा प्रसंग आलाच तर १०८ किंवा १०२ या क्रमांकावर गाडी मागवावी. दोन्ही सेवा विनाशुल्क आहेत. गाडी येईपर्यंतचा आणि वाटेतला मोठा शत्रू थंडी हा होय, कारण गारठलेल्या मुलाला प्राणवायू अधिक लागतो आणि त्याची साखरही झपाट्याने उतरते. मुलाचे पोट आणि तळवे हाताच्या पालथ्या बाजूने पाहावेत: दोन्ही उबदार तर ठीक, तळवे गार आणि पोट उबदार तर गारठ्याची सुरुवात, दोन्ही गार तर संकट. टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच ठेवून मुलाला आईच्या उघड्या छातीशी उभे धरावे आणि दोघांवरून शाल घ्यावी, मान पुढे दुमडू देऊ नये आणि नाक उघडे राहील असे पाहावे. आईला नेणे शक्य नसेल तर बापाच्या छातीनेही हे काम होते, आणि त्यात संकोच मानण्यासारखे काही नाही. ज्या मुलाला धाप लागली आहे त्याच्या तोंडात दूध, मध, घुटी, गंगाजल, काहीही घालू नये, कारण धापेत गिळलेले श्वासनलिकेत जाते. निघण्यापूर्वी वणीच्या शासकीय रुग्णालयात मुलाला ऊब, प्राणवायू आणि आवश्यक तर शिरेवाटे साखरेचे पाणी देऊन मगच पुढे धाडले, तर त्या थोड्या विलंबाबद्दल डॉक्टरांशी हुज्जत घालू नये. तेथे गेलेला अर्धा तास पुढच्या प्रवासात भरून निघतो.

रुग्णालयात मुलाला ‘काचेत’ किंवा ‘पेटीत’ ठेवले की बाहेर बसलेल्या मंडळींचे धैर्य खचते. आत काय चालते हे ठाऊक असल्यास ते काहीसे टिकेल. प्रथम मुलाला ऊब देतात, पायाला किंवा हाताला तारेचे लहानसे यंत्र बांधून रक्तातील प्राणवायू पाहतात आणि तो सुमारे ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच प्राणवायू देतात. अधिक दिला तर अधिक बरे, हा तर्क येथे लागू पडत नाही, कारण प्राणवायूचा अतिरेक अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या डोळ्यांच्या पडद्याला अपाय करतो. धाप थांबेना तर नाकाशी आखूड नळ्या लावून हवेचा अखंड मंद दाब फुफ्फुसांत ठेवतात. हाच तो सीपॅप. कण्हणारे मूल जे स्वतः करू पाहते तेच हे यंत्र त्याच्यासाठी करते, आणि किंचित अगोदर जन्मलेल्या बहुतेक मुलांचा प्रश्न येथवरच मिटतो. थोड्यांना श्वासनलिकेतून सर्फॅक्टंट द्यावे लागते, क्वचितांना व्हेंटिलेटर. संसर्गाची शंका असेल तर प्रतिजैविके देतात, आणि दूध तोंडाने न देता नळीने देतात. आईने म्हणून पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी दूध पिळून द्यावे, नाही तर मूल प्यावयास लागेपर्यंत पान्हाच आटलेला असतो.

हे इलाज पुरातन नव्हेत. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पॅट्रिक नावाचा मुलगा झाला. साडेचौतीस आठवड्यांचा, वजनाने दोन किलोंहून थोडा अधिक, म्हणजे नेमका या लेखातल्या मुलांपैकी. धाप लागल्यामुळे त्याला तत्काळ बोस्टनला नेण्यात आले. त्याच बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी चार वर्षांपूर्वी या रोगाचे कारण स्निग्ध द्रव्याची उणीव हे आहे असे शोधून काढले होते; पण कारण कळले तरी उपाय हाती नव्हता, आणि दोन दिवसांच्या आत ते मूल गेले. सीपॅप सान फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला, आणि गाईच्या फुफ्फुसापासून काढलेले सर्फॅक्टंट जपानच्या फुजिवारा यांनी दहा मुलांना देऊन १९८० मध्ये त्याचा गुण दाखविला. अध्यक्षाच्या मुलास जे मिळाले नाही ते आज खाणकामगाराच्या मुलास मिळू शकते, आणि शासकीय रुग्णालयात २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये त्यासाठी पैसेही पडत नाहीत. औषध बाहेरून आणावयास सांगितले तर या योजनेचे नाव घेऊन वैद्यकीय अधीक्षकांस भेटावे.

मूल घरी आल्यावरची मुख्य गोष्ट धुराची आहे, आणि राजूरसारख्या गावी तर ती अधिकच. कोळसा जेथे सहज मिळतो तेथे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटविण्याचा मोह होतो, आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्याही लावून घेतल्या जातात. अशा बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचून माय-लेकरे दोघेही दगावू शकतात. शेक घ्यावयाचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा. ओवा, वावडिंग आणि धूप यांची धुरी मुलाला देण्याची चाल अत्यंत प्रेमाने पाळली जाते, परंतु ज्या फुफ्फुसांनी नुकतीच कुठे हवा ओळखली आहे त्यांना धूर कोणत्याही वनस्पतीचा असो, तो धूरच. न्हाऊ घालणाऱ्या बाईने नाकात तेलाचे थेंब सोडू नयेत. ते फुफ्फुसात उतरते. नाळ पडेपर्यंत न्हाणे पुढे ढकलून ओल्या फडक्याने अंग पुसले तरी मूल अस्वच्छ राहत नाही. खाणीवरून किंवा भट्टीवरून आलेल्या पुरुषाने अंग धुऊन, कपडे बदलून मगच मूल घ्यावे, आणि विडी ओढणाऱ्याने तर घराबाहेरही ओढून लगेच मुलाशेजारी येऊ नये. ही मुले दूध ओढता ओढता दमून निजतात, त्यामुळे रडण्याची वाट न पाहता दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे लागते. आणि कावीळ त्यांना पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा अधिक होते, म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्यांना उजेडात नेऊन रंग पाहावा.

ज्या मुलाला रुग्णालयात प्राणवायू द्यावा लागला असेल त्याच्या डोळ्यांचा पडदा, जन्मापासून तीस दिवसांच्या आत, डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावयाचा असतो. घरी आलेले मूल हसूखेळू लागले की ही तपासणी हमखास राहून जाते. म्हणून सुटीचा कागद हातात पडताच त्यावर तिची तारीख लिहून मागावी, आणि तो कागद त्याच दिवशी आशाताईंना दाखवावा.